एडमंटन ऑइलर्सचे रेकॉर्ड स्वतः कसे मांडायचे: एका आइस हॉकी टीमचं आकड्यांचं रजिस्टर

कॅनडातल्या ऑइलर्सबद्दल कुठेही चर्चा सुरू झाली की अर्ध्या तासात कोणीतरी १९८० च्या दशकातल्या वेन ग्रेट्झ्कीचे एका सीझनमधले २१५ पॉइंट काढतो आणि कोणीतरी आत्ताच्या कॉनर मॅकडेव्हिडचे १५३, आणि मग दोघंही आपापल्या आकड्यावर ठाम बसतात. मला दोघंही प्लेयर जीव की प्राण आहेत. म्हणून सांगतो, हे आकडे नुसते शेजारी ठेवून काही कळत नाही. किती मॅचमध्ये, कुठल्या नियमांखाली आणि तेव्हा लीगमध्ये एकूण किती गोल होत होते, ही तीन उत्तरं जोडली की मगच त्या आकड्याला रेकॉर्ड म्हणायचं. खाली जी पद्धत देतोय ती एक्सेल किंवा गूगल शीटवर कोणालाही जमेल, गणित भागाकाराच्या पुढे जात नाही. टीम ऑइलर्स घेतली कारण इतके भन्नाट आणि इतके गुंतागुंतीचे रेकॉर्ड फार कमी टीमकडे आहेत. तुमची टीम दुसरी असेल तरी पायऱ्या याच राहतील.

पायरी १: आधी हद्द ठरवा

ही टीम सुरू झाली १९७२ ला, अल्बर्टा ऑइलर्स नावाने, आणि तेव्हा ती एनएचएलमध्ये (नॅशनल हॉकी लीग, अमेरिका-कॅनडातली मुख्य लीग) नव्हतीच, डब्ल्यूएचए नावाची वेगळी लीग होती तिच्यात होती. एनएचएलमध्ये आली १९७९-८० च्या सीझनला. एनएचएल डब्ल्यूएचएचे आकडे स्वतःच्या रेकॉर्डमध्ये धरत नाही. म्हणजे ग्रेट्झ्कीने १९७८-७९ ला डब्ल्यूएचएमध्ये जे ११० पॉइंट केले (त्यातल्या पहिल्या ८ मॅच तर तो इंडियानापोलिसकडून खेळला होता) ते तुमच्या मुख्य शीटमध्ये येणार नाहीत. त्यांची वेगळी शीट करा, फेकून मात्र देऊ नका. एनएचएलच्या पहिल्याच सीझनला त्याने १३७ पॉइंट केले तरी त्याला सर्वोत्तम नवोदिताचं बक्षीस मिळालं नाही, कारण डब्ल्यूएचएत खेळलेला म्हणून तो नवोदित धरला गेला नाही. तीच लीग आकड्यांसाठी धरायची नाही आणि नवोदित ठरवताना मात्र धरायची, हे मला अजूनही पटत नाही.

दुसरी हद्द म्हणजे रेग्युलर सीझन आणि प्लेऑफ (सीझननंतरच्या बाद फेऱ्या). हे दोन कधीच एकत्र करायचे नाहीत, दोन वेगळ्या शीट.

तिसरी हद्द, टीमचा रेकॉर्ड आणि प्लेयरचा रेकॉर्ड. ग्रेट्झ्कीला ९ ऑगस्ट १९८८ ला लॉस एंजेलिस किंग्जकडे पाठवलं, एडमंटनच्या लोकांना तो दिवस अजून टोचतो. त्याचे एनएचएलमधले एकूण पॉइंट २८५७, पण ऑइलर्सच्या रजिस्टरमध्ये जातील फक्त १६६९. गॉर्डी हाऊचा १८५० पॉइंटचा रेकॉर्ड त्याने मोडला तो १५ ऑक्टोबर १९८९ ला, एडमंटनच्याच बर्फावर, एडमंटनच्याच लोकांसमोर, पण अंगात जर्सी किंग्जची. तो पॉइंट ऑइलर्सच्या खात्यात जात नाही, उलट तो त्यांच्याविरुद्ध झालाय.

पायरी २: कॉलम कमी ठेवा, पण बरोबर ठेवा

प्लेयरसाठी एवढे पुरेत: सीझन, टीमने खेळलेल्या मॅच, प्लेयरने खेळलेल्या मॅच, गोल, असिस्ट, पॉइंट. नव्या लोकांसाठी सांगतो, हॉकीत प्रत्येक गोलला जास्तीत जास्त दोन असिस्ट देतात, म्हणजे गोल मारणाऱ्याच्या आधी पकला (खेळायच्या रबरी चकतीला) ज्या दोघांनी हात लावला त्यांना, आणि गोलचाही एक पॉइंट आणि असिस्टचाही एकच. त्यामुळे एका गोलमधून तीन पॉइंट वाटले जाऊ शकतात. पॉइंट कॉलम हाताने भरू नका, गोल अधिक असिस्ट असा फॉर्म्युला लावा.

"टीमने खेळलेल्या मॅच" हा कॉलम बरेच जण सोडतात आणि मग फसतात. १९७९-८० ते १९९१-९२ पर्यंत सीझन ८० मॅचचा होता, मग दोन वर्षं ८४, १९९४-९५ ला मालक आणि प्लेयर यांच्या भांडणात ४८ वर आला, १९९५-९६ पासून ८२. २००४-०५ चा सीझन झालाच नाही. २०१२-१३ परत ४८. २०१९-२० कोविडमुळे मधेच थांबला, ऑइलर्सच्या ७१ मॅच झाल्या होत्या. आणि २०२०-२१ फक्त ५६ मॅचचा. हे आधीच लिहून ठेवलं की पुढे एखादा आकडा विचित्र छोटा दिसला तर घाबरायला होत नाही.

आणखी एक, हिट्स (समोरच्याला दिलेल्या धडका), बर्फावरचा वेळ असले कॉलम १९९७-९८ च्या आधीसाठी भरायला जाऊ नका, लीगने ते तेव्हापासून ठेवायला सुरुवात केली. तिथे सेल रिकामा ठेवा. शून्य टाकलंत तर सरासरीची वाट लागेल.

पायरी ३: भरा आणि लगेच बेरीज जुळवा

आकडे एनएचएलच्या अधिकृत साइटवरून घ्या, आणि चालू सीझनचे असतील तर मॅचच्या रात्री घेऊ नका, एखाद दिवस थांबा, कारण व्हिडिओ बघून असिस्ट बदलले जातात, कधी कधी गोलसुद्धा दुसऱ्याच्या नावावर जातो.

सरावासाठी ग्रेट्झ्कीचे ऑइलर्समधले नऊ सीझन भरून बघा. पॉइंट ओळीने असे आहेत: १३७, १६४, २१२, १९६, २०५, २०८, २१५, १८३, १४९. मॅच: ७९, ८०, ८०, ८०, ७४, ८०, ८०, ७९, ६४. गोल: ५१, ५५, ९२, ७१, ८७, ७३, ५२, ६२, ४०. बेरीज यायला हवी १६६९ पॉइंट, ६९६ मॅच, ५८३ गोल, आणि वजाबाकी केली की असिस्ट १०८६. जुळलं? मग शीट नीट आहे.

आता मॅकडेव्हिडचे पहिले दहा सीझन, २०१५-१६ ते २०२४-२५. पॉइंट: ४८, १००, १०८, ११६, ९७, १०५, १२३, १५३, १३२, १००. मॅच: ४५, ८२, ८२, ७८, ६४, ५६, ८०, ८२, ७६, ६७. बेरीज १०८२ पॉइंट, ७१२ मॅच. पहिल्या वर्षी ४५ च का, तर कॉलरबोन मोडलं होतं.

हे दोन तक्ते शेजारी ठेवले की एक सुंदर योगायोग दिसतो, दोघांच्या मॅच जवळपास सारख्या आहेत, ६९६ आणि ७१२. तुलनेला याहून स्वच्छ जागा मिळणं अवघड.

पायरी ४: दर काढा

पॉइंट भागिले प्लेयरच्या मॅच. क्रिकेटमध्ये नुसत्या एकूण रनांवर आपण कोणाला मोठा म्हणत नाही, अॅव्हरेज विचारतो, तसंच इथे.

ग्रेट्झ्की १६६९ भागिले ६९६ म्हणजे २.४०. मॅकडेव्हिड १०८२ भागिले ७१२ म्हणजे १.५२. ग्रेट्झ्कीच्या वेळचे आणखी दोन ऑइलर्स: यारी कुरी १०४३ पॉइंट ७५४ मॅचमध्ये, १.३८. मेसियर १०३४ पॉइंट ८५१ मॅचमध्ये, १.२२. म्हणजे ऑइलर्सच्या एकूण पॉइंटच्या यादीत २०२४-२५ संपताना मॅकडेव्हिड दुसरा होता आणि दरानेसुद्धा या चौघांत दुसराच.

आता खरी गंमत सीझनच्या दरात आहे. मॅकडेव्हिडचा सगळ्यात भारी सीझन कुठला विचारलं तर सगळे १५३ वाला, २०२२-२३, सांगतील. दर काढा: १५३ भागिले ८२ म्हणजे १.८६६. आणि कोविडच्या छोट्या सीझनचे १०५ भागिले ५६ म्हणजे १.८७५. थोडासाच पण जास्त! ग्रेट्झ्कीचंही तसंच, २१५ चा दर २.६९, पण १९८३-८४ ला त्याने ७४ मॅचमध्ये २०५ केले, दर २.७७. दोघांच्याही बाबतीत एकूण पॉइंटचा रेकॉर्ड एका वर्षी आणि दराचा दुसऱ्याच वर्षी. म्हणून शीटमध्ये दोन्ही रेकॉर्ड वेगळ्या ओळीत लिहा, एकाने दुसरा खोडू नका. १०५ वाला सीझन किती जबरदस्त होता हे लोक पार विसरलेत, मला त्याचं फार वाईट वाटतं.

एक सूचना, करिअरचा दर काढताना दहा सीझनच्या दहा दरांची सरासरी काढू नका. आधी सगळे पॉइंट एकत्र, सगळ्या मॅच एकत्र, मग भागाकार. मॅकडेव्हिडचं चुकीच्या पद्धतीने १.५१ येतं आणि बरोबर पद्धतीने १.५२, इथे फरक किरकोळ आहे, पण गोलींच्या (गोली म्हणजे गोलरक्षक) बाबतीत जिथे एकजण ७० मॅच खेळतो आणि दुसरा ५, तिथे हीच चूक आकडा पार वेडावाकडा करते.

पायरी ५: काळाची दुरुस्ती

ही पायरी थोडी वादाची आहे पण मी ती सोडत नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यात एनएचएलमध्ये एक टीम एका मॅचला सरासरी जवळपास ४ गोल मारायची. २०२२-२३ ला हाच आकडा साधारण ३.२ होता. मधल्या काळात गोली उंच झाले, त्यांची पॅडं मोठी झाली, गुडघ्यावर बसून खालची जागा बंद करायची स्टाइल आली, गोल मारणं अवघड झालं.

म्हणून प्लेयरचा दर त्या वर्षीच्या लीगच्या सरासरीने भागा. ग्रेट्झ्की १९८५-८६: २.६९ भागिले ४, म्हणजे ०.६७. मॅकडेव्हिड २०२२-२३: १.८७ भागिले ३.२, म्हणजे ०.५८. नुसत्या दरात ग्रेट्झ्की जवळपास ४४ टक्के पुढे होता, दुरुस्तीनंतर तो फरक १५ टक्क्यांवर आला. ग्रेट्झ्की अजूनही वर आहेच, आणि त्या वर्षीचे त्याचे नुसते असिस्ट १६३, म्हणजे एकही गोल न मोजता तो मॅकडेव्हिडच्या सगळ्यात मोठ्या सीझनच्या पुढे, पण मॅकडेव्हिड किती जवळ पोचलाय ते आता दिसतं. हा दुरुस्त आकडा मात्र "रेकॉर्ड" म्हणून लिहू नका. रेकॉर्ड २१५ च. हा तुलनेचा कॉलम, त्याचा रंगच वेगळा ठेवा.

टीमलाही हेच लावून बघा. १९८३-८४ च्या ऑइलर्सचे ४४६ गोल, आजही एनएचएलचा रेकॉर्ड, दर मॅच ५.५८. त्याच वर्षी एक प्लेयर कमी असताना त्यांनी ३६ गोल मारले, हाही लीगचा रेकॉर्ड, त्यातले १२ एकट्या ग्रेट्झ्कीचे. २०२२-२३ च्या टीमचे ३२५ गोल, दर मॅच ३.९६. लीगच्या सरासरीने भागलं तर जुनी टीम १.४ पट आणि नवी १.२४ पट.

पायरी ६: टीमचे पॉइंट, आणि नियम बदलले की काय होतं

विजयाला २ पॉइंट. १९८३-८४ ला ५७ विजय, १८ हार, ५ बरोबरी, म्हणजे ११४ अधिक ५, एकूण ११९. १९८५-८६ ला ५६-१७-७, परत ११९. फ्रँचायझीचा रेकॉर्ड दोन वर्षांत वाटून आहे, दोन्ही लिहा.

२०२२-२३ ला ५०-२३-९, पॉइंट १०९. पण इथला ९ बरोबरीचा नाही. १९९९-२००० पासून ओव्हरटाइममध्ये (बरोबरी झाल्यावरच्या जादा वेळात) हरलात तरी एक पॉइंट मिळतो, आणि २००५-०६ पासून शूटआउट (ओव्हरटाइमनंतरही बरोबरी असेल तर एकेकाने एकट्या गोलीवर गोल मारायचा) आल्यामुळे बरोबरी हा प्रकारच संपला. म्हणजे ते ९ पॉइंट हरलेल्या मॅचचे आहेत. १९८३-८४ ला ओव्हरटाइममध्ये हरलं तर काहीच मिळत नसे, ती हार सरळ त्या १८ मध्ये. म्हणून तिसऱ्या आकड्याच्या कॉलमचं नाव १९९९ च्या आधी "बरोबरी", २००५ नंतर "ओव्हरटाइम हार", आणि मधल्या वर्षांत दोन्हींसाठी दोन कॉलम.

शूटआउटचा आणखी एक घोळ आहे जो जवळपास प्रत्येकाला अडवतो. शूटआउट जिंकलं की टीमच्या गोलमध्ये एक गोल वाढतो पण तो कोणाही प्लेयरच्या नावावर चढत नाही. त्यामुळे प्लेयरच्या गोलची बेरीज टीमच्या गोलपेक्षा कमी येऊ शकते. फरक शूटआउट विजयांइतकाच असेल तर तुमची शीट बरोबर आहे, तासभर डोकं फोडत बसू नका.

पॉवर प्लेचा (समोरच्या टीमचा प्लेयर शिक्षेमुळे बाहेर असतानाच्या खेळाचा) टक्का सोपा आहे, गोल भागिले संधी. २०२२-२३ ला २७५ संधींवर ८९ गोल, ३२.४ टक्के, एनएचएलच्या इतिहासातला सगळ्यात मोठा. मॅकडेव्हिडच्या जोडीच्या ड्रायसाइटलच्या त्या वर्षीच्या ५२ गोलपैकी ३२ पॉवर प्लेवर होते आणि मॅकडेव्हिडचे पॉवर प्लेवरचे पॉइंट ७१. टक्क्याचा रेकॉर्ड लिहिताना संधींची संख्या शेजारी लिहाच.

पायरी ७: गोली

गोलींची सरासरी म्हणजे खाल्लेले गोल गुणिले ६० भागिले मिनिटं. ५८ मिनिटांत २ गोल खाल्ले तर २.०७. शेवटी गोलीला बाहेर काढून जास्तीचा प्लेयर आत घेतात तेव्हा रिकाम्या जाळीत झालेला गोल गोलीच्या नावावर लागत नाही, त्यामुळे इथेही टीमने खाल्लेले गोल आणि गोलींचे गोल जुळणार नाहीत, तो फरक वेगळ्या कॉलममध्ये टाका. (मारणाऱ्याला मात्र तो गोल पूर्ण मिळतो. ३० डिसेंबर १९८१ ला ग्रेट्झ्कीने फिलाडेल्फियाविरुद्ध पाच गोल मारून ३९ मॅचमध्ये ५० पूर्ण केले, त्यातला पन्नासावा रिकाम्या जाळीतच होता.)

एका सीझनमधले सगळ्यात जास्त विजय हा रेकॉर्ड १९८७-८८ पासून ग्रँट फ्यूरचा होता, ७५ मॅचमध्ये ४०. कॅम टॅलबटने २०१६-१७ ला ७३ मॅचमध्ये ४२ करून तो मोडला. रेकॉर्ड टॅलबटचा, त्यात वाद नाही. पण शेरा लिहा की फ्यूरच्या त्या वर्षी ९ मॅच बरोबरीत सुटल्या होत्या आणि टॅलबटच्या काळात बरोबरी नव्हतीच, प्रत्येक मॅचचा निकाल लागायचा. फ्यूरची सरासरी त्या वर्षी ३.४३ होती आणि तरी वेझिना ट्रॉफी (सर्वोत्तम गोलीचं बक्षीस) त्यालाच मिळाली. टॅलबटची २.३९. पाचवी पायरी डोक्यात नसेल तर हे दोन आकडे बघून फ्यूरला कोणीही सामान्य म्हणेल, आणि तो फार मोठा अन्याय होईल.

पायरी ८: प्लेऑफची शीट

१९८५ ला ग्रेट्झ्कीचे १८ मॅचमध्ये ४७ पॉइंट, लीगचा रेकॉर्ड. २०२४ ला मॅकडेव्हिडचे २५ मॅचमध्ये ४२, त्यातले असिस्ट ३४, आणि त्या ३४ ने ग्रेट्झ्कीचा १९८८ चा ३१ असिस्टचा रेकॉर्ड मोडला. मॅचच्या संख्येत एवढा फरक कसा, तर १९८५ ला पहिली फेरी पाच मॅचची होती (१९८७ पासून सगळ्या सात मॅचच्या), आणि ती टीम सगळ्या प्लेऑफमध्ये फक्त तीनदा हरली. २०२४ ची टीम फ्लोरिडाविरुद्ध फायनलच्या सातव्या मॅचपर्यंत गेली. इथे जास्त मॅच म्हणजे जास्त संधी, पण तिथवर पोचणंही त्याच प्लेयरच्या खेळामुळे झालं, म्हणून प्लेऑफमध्ये मी दर आणि एकूण दोन्हींना सारखाच मान देतो.

आणि आता या सगळ्या रजिस्टरमधली माझी आवडती ओळ. १९८८ च्या प्लेऑफमध्ये ऑइलर्स १६ जिंकले, २ हरले. बेरीज १८. पण ग्रेट्झ्कीच्या नावासमोर मॅच १९! शीट चुकली असं वाटेल, पण नाही. २४ मे १९८८ ला बोस्टन गार्डनमध्ये फायनलची चौथी मॅच ३-३ वर असताना वीज गेली आणि मॅच सोडून द्यावी लागली. दोन दिवसांनी एडमंटनला नवी मॅच झाली, ऑइलर्सनी ६-३ ने जिंकली आणि स्टॅनले कप (लीगचं विजेतेपद) घेतला. सोडलेल्या मॅचचा निकाल कुठेच नाही, पण त्यात झालेले गोल, असिस्ट आणि खेळलेली मॅच प्लेयरच्या खात्यात राहिली. अशा ठिकाणी सेलला शेरा जोडा आणि तारीख लिहा. नाहीतर पुढच्या वर्षी तुम्हीच तो १९ "दुरुस्त" करून १८ कराल.

पायरी ९: एका मॅचचे आणि सलग मॅचचे रेकॉर्ड

यासाठी सीझनचा तक्ता चालत नाही, मॅचवार तक्ता लागतो, तारखेच्या क्रमाने. सलग विजयांसाठी एक कॉलम: जिंकलं तर वरच्या सेलमध्ये १ मिळवा, नाहीतर शून्य, मग त्या कॉलममधला सगळ्यात मोठा आकडा शोधा. २०२३-२४ ला असं केलंत तर आधी २-९-१ अशी भयानक सुरुवात दिसेल, कोच बदलला गेला, आणि मग २१ डिसेंबर ते २७ जानेवारी सलग १६ विजय. लीगचा रेकॉर्ड १७ आहे, पिट्सबर्गचा, १९९२-९३ चा. एकाने हुकला.

पॉइंटची सलग मालिका दोन प्रकारे मोजता येते, टीमच्या मॅच धरून किंवा प्लेयरने खेळलेल्या मॅच धरून, तुम्ही कशी धरली ते कॉलमच्या डोक्यावरच लिहा. ग्रेट्झ्कीची १९८३-८४ ची ५१ मॅचची मालिका दोन्ही प्रकारे ५१ च येते, कारण सीझनच्या पहिल्या मॅचपासून तो एकही चुकला नव्हता, आणि त्या ५१ मॅचमध्ये १५३ पॉइंट. हो, मॅकडेव्हिडच्या अख्ख्या २०२२-२३ इतके.

एका मॅचमधले पॉइंट ऑइलर्ससाठी ८. ग्रेट्झ्कीने दोनदा, त्याच काळातल्या पॉल कॉफीने एकदा, आणि २ फेब्रुवारी २०१२ ला सॅम गान्येने शिकागोविरुद्ध, ४ गोल ४ असिस्ट, टीमच्या आठही गोलमध्ये त्याचा हात. टीम तेव्हा तळाला होती, म्हणून ही रात्र मला आणखी प्यारी. लीगचा रेकॉर्ड १० आहे, म्हणून "टीम" आणि "लीग" असे दोन कॉलम लागतातच. तसाच गोली बेन स्क्रिव्हन्स, २९ जानेवारी २०१४, सॅन होजेविरुद्ध ५९ सेव्ह (अडवलेले शॉट) आणि एकही गोल नाही, टीममध्ये येऊन त्याला जेमतेम दोन आठवडे झाले होते.

पायरी १०: रेकॉर्ड लिहायचा कसा

एका ओळीत सहा गोष्टी हव्यात: नाव, आकडा, किती मॅचमध्ये, सीझन, टीमचा की लीगचा, रेग्युलर की प्लेऑफ. नमुना: "पॉल कॉफी, ४८ गोल, ७९ मॅचमध्ये, १९८५-८६, रेग्युलर सीझन, डिफेन्समनमध्ये लीगचा रेकॉर्ड, आधीचा बॉबी ऑरचा ४६." डिफेन्समन (म्हणजे बचावाला खेळणारा) हा शब्द गळला तर वाक्य सरळ खोटं होतं, कारण एकूण गोलचा रेकॉर्ड ९२ आहे. बरोबरी असेल तर सगळी नावं लिहा, कुरीने १९८५ च्या प्लेऑफमध्ये १९ गोल मारले तो रेकॉर्ड रेजी लीचच्या १९७६ च्या आकड्याशी बरोबरीचा आहे, त्याला "मोडला" म्हणू नका.

शीटच्या वर उजवीकडे "कुठल्या तारखेपर्यंतचे आकडे" हा एक सेल ठेवा आणि अजून खेळत असलेल्या प्लेयरच्या ओळींना हलका रंग द्या. मॅकडेव्हिड, ड्रायसाइटल, न्यूजंट-हॉपकिन्स यांच्या ओळी सीझन चालू असताना आठवड्यातून एकदा तरी उघडाव्या लागतात, बाकीच्यांना हात लावायची गरज पडत नाही.